बायडाबाईची होडी अन् हिरामणची बाटली

बायडाबाई माझी शेजारीण. धरणाचं पाणी फुगून आमच्या पाड्याचे दोन तुकडे झाले, तेव्हापासून होडी हाच आमचा रस्ता. आधी ती तिचा नवरा पुंजा चालवायचा. पट्टीचा पोहणारा. एकदा मोहाची पिऊन भर पाण्यात लघवीला उभा राहिला अन् तोल गेला. दारूनं हातपायच बांधून टाकलेले. तिसऱ्या दिवशी फुगून वर आला. बारावं झालं अन् बायडाबाईनं वल्हं हातात घेतलं. पुरुषांनी नाकं मुरडली, मग तिच्याच होडीत बसून बाजाराला गेले. पायी जायचं तर अर्धा दिवस मोडतो ना!

आमच्यात चाल आहे. नवी नवरी पाणी ओलांडते तेव्हा पाण्याला मोहाच्या दारूची धार सोडायची, उरलेली होडीवाल्यानं प्यायची. नाही प्याला तर पाणी रुसतं म्हणे. पाण्याचं माहीत नाही, नवऱ्याकडची माणसं आधी रुसतात.

गेल्या माघात माझ्या नातीची, सविताची पाठवणी होती. होडीत नऊ जणं. मी सविताला धरून बसले होते. पोहता तिलाही येत नाही अन् मलाही. नवरदेवाचा काका हिरामण, त्यानं धार सोडली अन् बाटली पुढं केली.

"होडीवर असताना मी पीत नाय," बायडाबाई म्हणाली. "पाण्यालाच पाज सगळी."

"मान हाय तो! तू नाय तर मी पितो."

सकाळपासूनची पोटात होतीच, वर ही बाटली रिचवली. मधोमध आलो तसा तो उठला.

"जो प्याला तो होडीवाला. दे वल्हं!"

"खाली बस, भाऊ. सगळ्यांना बुडवशील."

त्यानं तिच्या कानशिलात लगावली, केस धरले अन् वल्हं ओढू लागला. होडी कलली, पाणी आत आलं. सविता किंचाळली. नवरदेव सोडवायला उठला तशी होडी आणखी कलली.

"कुणी हलू नका!" बायडाबाई ओरडली अन् वल्ह्याचा दांडा हिरामणच्या मनगटावर हाणला. हाड वाळक्या तुराटीसारखं वाजलं. तरी मेला केस सोडीना. दुसरा घाव तोंडावर बसला. दोन दात पडले, रक्त उडालं अन् तो पाण्यात.

"राहू दे त्याला," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू?

तिनं ऐकलं नाही. वल्हं पुढं करून त्याला ओढलं, काखेतून दोरी बांधली, पण आत घेतलं नाही. म्हैस पोहवत न्यावी तसा मागून नेला. तो शिव्या देत होता अन् पाणी गिळत होता. आम्ही आंदणाच्या कळशीनं होडीतलं पाणी उपसत राहिलो.

पलीकडच्या काठावर आधीच्या फेरीत उतरलेल्या वऱ्हाडानं हे पाहिलं अन् माणसं काठ्या घेऊन बायडाबाईवर धावली. पहिली काठी तिच्या खांद्यावर बसलीसुद्धा. तेवढ्यात चिंब भिजलेली सविता उतरता उतरता परत होडीत जाऊन बसली.

"हिला आणखी एक काठी लागली तर मी हिच्यासंगं माघारी चालले. नवरी दुसरी शोधा."

सासऱ्यानं सविताकडं पाहिलं, मग लेकाकडं. लेक खाली मान घालून होडीतच बसला होता, बायकोशेजारी. मग म्हाताऱ्यानं हातातली काठी खाली टाकली. बाकीच्यांनीही टाकल्या. त्याच काठ्यांना घोंगडं बांधून झोळी केली अन् हिरामणला दवाखान्यात नेलं.