कुवाबाराची पक्कड

कुवाबारा चोर असता तर मला इतका राग आला नसता. चोराला निदान आपण चोर आहोत हे ठाऊक असतं. हा माणूस जन्मभर शाळेत दुरुस्त्या करत आला आणि निवृत्त झाल्यावर आमच्या नागाता वस्तीतले नळ, कड्या, चष्मे फुकट नीट करत हिंडतो. माझ्या ओकोनोमियाकीच्या, म्हणजे कोबीच्या धिरड्यांच्या, दुकानातला तवा त्याच्याच जिवावर चालतो. आणि अशा माणसाला पोलिसाने रेल्वे स्टेशनासमोर, चार लोकांदेखत, खिसे उलटे करायला लावले.

कमरेला तो एक मल्टीटूल लावायचा. उघडलं की पक्कड, आणि दांड्यांत पेचकस, करवत, पातं. ते निवडायला त्याने अख्खा हिवाळा घालवला. रोज हार्डवेअरच्या दुकानात जायचा, हातमोजे घालून एकेक उघडून बघायचा आणि परत ठेवून यायचा.

"अरे, मुली बघायला निघाला असतास तर एवढ्यात नातवंडं झाली असती!" मी म्हणाले.

"मिनेको, पातं बाहेरच्या बाजूला हवं," तो शांतपणे म्हणाला. "एक हात अडकलेला असला तर दुसऱ्या हाताने उघडता आलं पाहिजे. आणि ते बूच काढायचं मळसूत्र नको. घर पडलं तर वाइन कोण पिणार?"

एक हात अडकलेला असला तर, हे तो कुठून बोलतो ते मला माहीत आहे. मोठ्या भूकंपात मी त्याच गल्लीत उभी होते. शेजारच्या घरात नवराबायको गादी, पडदे आणि तारांच्या गुंत्यात अडकले होते आणि कुवाबाराजवळ नखांशिवाय काही नव्हतं. नवऱ्याला त्याने बाहेर काढलं. बायकोपर्यंत आग आधी पोचली. त्यावर तो कधी बोलत नाही, पण तेव्हापासून रिकाम्या कमरेने तो कचरा टाकायलाही गेला नाही.

आमच्याकडे सबळ कारणाशिवाय पातं जवळ बाळगणं गुन्हा आहे. तर तो तरुण पोलीस त्याला विचारतो, "हे कशाला बाळगता?"

"असावं म्हणून. भूकंप झाला तर..."

"आत्ता होतोय का भूकंप?"

यावर दुसरा कुणी भांडला असता. कुवाबाराने काय केलं? कमरेत वाकला आणि म्हणाला, "माफ करा, तुम्हाला उगाच त्रास झाला." आमच्याकडे पायावर पाय पडला तर ज्याचा पाय चिरडला तोच आधी माफी मागतो. पण ठाण्यात या माफीचा अर्थ गुन्हा कबूल असा झाला. मल्टीटूल त्यांनी ठेवून घेतलं. वर म्हणाले, "आता हे मला नको, असं येऊन सांगून टाका, म्हणजे प्रकरण मिटलं."

"जाऊ नकोस," मी त्याला बजावलं.

"त्यांचाही खोळंबा होतो ना गं."

"होऊ दे! त्यांच्या खोळंब्याची तुला काय पडली आहे? आज हे सोडलंस तर पुन्हा कधी कमरेला काही लावणार नाहीस, मला ठाऊक आहे!"

सोमवारी जाऊन सांगून येतो, म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याआधीच्या रविवारी माझ्या दुकानासमोरच्या मैदानात भूकंपाची कवायत होती. शिकवायला कोण यावं? तोच पोलीस. "प्रत्येकाने सदैव तयार राहावं," असं तो भोंग्यातून सांगत होता. मी दुकानातून ऐकत होते आणि दात खात होते.

तेवढ्यात समुद्राकडून वारा सुटला आणि मंडप उचलला गेला. दोरी धरून उभ्या असलेल्या ताकेई आजींच्या मनगटाला तिचा वेढा बसला. मंडप त्यांना फरफटत नेऊ लागला. चौघांनी खांब धरले, पण गाठ आवळतच गेली. आजींचा पंजा काळानिळा पडला.

"कुवाबारा!" सगळे एकदम ओरडले.

त्याचा हात कमरेवर गेला. तिथे काही नव्हतं. मग तो गुडघ्यांवर बसला आणि गाठ नखांनी उचकटू लागला, नंतर दातांनी.

"कुणाकडे सुरी आहे का?" पोलीस भोंग्यातून ओरडला.

होती. माझ्या हातात, कोबी चिरायची. मी तशीच रस्ता ओलांडून धावले आणि दोरी कापली. आजी मोकळ्या झाल्या. मग मी सुरीसकट पोलिसाकडे वळले.

"काकू, सुरी खाली ठेवा," तो चाचरत म्हणाला.

"का? विचार की मलाही, कशाला बाळगता म्हणून! याला विचारलंस तसं विचार! सदैव तयार राहा म्हणे! तयार होता तो माणूस, त्याला नागवलं कुणी?"

कुवाबारा उठला. ओठ फाटून रक्त आलं होतं. त्याही स्थितीत तो वाकायला लागला. "माफ करा साहेब, ही जरा..."

"खबरदार माफी मागशील तर!" मी त्याच्यावरच ओरडले. चारचौघांत पहिल्यांदा.

तो अर्धा वाकलेला तसाच थांबला. मग सरळ झाला.

"साहेब, मी उद्या ठाण्यात येतो," तो म्हणाला. "नको म्हणून सांगायला नाही. माझी वस्तू परत न्यायला येतो."

"कारण विचारतील तुम्हाला," पोलीस हळूच म्हणाला.

"विचारू देत," कुवाबारा म्हणाला आणि आजींचा हात चोळायला खाली बसला.