मामांचा टॉर्क पाना

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे काही लिहायचं निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. पण माझं लिहिणं आजवर परीक्षेपुरतंच झालेलं आहे. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांना समजून घ्यायला मोटारीतलं थोडं कळावं लागतं, आणि तेही मला बेताचंच कळतं. तरी एक गोष्ट मी ठामपणे लिहू शकतो. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी चाकाच्या नटाची इतकी काळजी वाहणारा माणूस माझ्या आत्याच्या यजमानांखेरीज दुसरा सापडणार नाही. आमच्याकडच्या रीतीने मी त्यांना मामा म्हणतो. आमच्या भागात दिवस मावळला की लोक बिबट्याच्या धास्तीने गोठ्याचं दार लावून घेतात. मामाही लावतात, पण त्याआधी अंगणातल्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या चारही चाकांवरून हात फिरवून येतात. "बिबट्या आला तर कुत्रं भुंकतं," ते म्हणतात. "नट सैल झाला तर कोण भुंकणार?"

मामा बोरी बुद्रुकचे. कांदा आणि ऊस करतात, आणि गाडीचं ऑइल, फिल्टर, ब्रेक सगळं घरीच बघतात. आता आमच्याकडे चाक बसवायची पद्धत साधी आहे. नटाला पाना लावायचा, त्यावर उभं राहायचं आणि दोनचार हिसके द्यायचे. घरात कुणी अंगानं भारी पाव्हणा आलेला असला तर हा मान त्याला देतात. मामांना हे बघवत नाही. "कमी आवळला तर सुटतो अन् जास्त आवळला तर आतनं तुटतो," ते सांगतात, "आतनं तुटल्यालं वरनं दिसत न्हाई." म्हणून त्यांनी टॉर्क पाना घेतला. हा पाना किती जोर लावायचा ते आधी ठरवू देतो. दांड्याची मूठ फिरवून आकडा लावायचा, नट आवळत जायचं, आणि तेवढा जोर झाला की पाना 'कट्' असा आवाज करतो. त्यानंतर माणसाने थांबायचं असतं. आमच्या गावाकडच्या माणसांना नेमकं हेच अवघड जातं.

पाना निवडायला मामांनी मुलगी बघायला जावं तसे पुण्याला खेपा घातल्या. एका खेपेला मी बरोबर होतो. दुकानदाराने लांब दांड्याचा, भला थोरला पाना पुढे केला आणि म्हणाला, "हा घ्या, ट्रकलासुद्धा चालेल." मामांनी तो हातात न घेताच विचारलं, "माझी गाडी ट्रक हाय का?" मग त्यांनी आपल्या गाडीचा आकडा ज्याच्या बरोबर मध्यावर येईल असा पाना मागितला. दुकानदाराने कारण विचारलं तेव्हा मामा गंभीरपणे म्हणाले, "लई मोठ्यानं बोलणारा अन् लई हळू बोलणारा, दोघांचं बोलणं तपासून घ्यावं लागतं. मधल्या आवाजात माणूस खरं बोलतो. पान्याचं तसंच हाय." दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी कॉलेजात असल्याने मान डोलावली.

पाना घरी आला आणि घरातल्यांना नवे नियम लागले. त्याने नट सोडवायचा नाही, फक्त आवळायचा; सोडवायला साधा पाना आहे. 'कट्' एकदा ऐकायचा, मजा म्हणून पुन्हा वाजवायचा नाही. "एकदा सांगितल्यालं दोनदा विचारलं की माणूस चिडतो," मामा म्हणत. काम झालं की कोरड्या फडक्याने पुसायचा, मूठ फिरवून सगळ्यात खालच्या आकड्यावर आणायची म्हणजे आतल्या स्प्रिंगला विसावा मिळतो, आणि मग पेटीत निजवायचा. 'ठेवायचा' असं ते कधी म्हणाले नाहीत.

आमच्याकडे शेजाऱ्याला वस्तू नाही म्हणायची पद्धत नाही. पेरणीची पाभर, फवारणीचा पंप, लग्नातली पातेली, सगळं या घरातून त्या घरात फिरत असतं. एकदा शेजारचे भाऊ ट्रॉलीचा गंजलेला नट सोडवायला हा पाना मागायला आले. मामांनी खिशातून ट्रॅक्टरची चावी काढून त्यांच्यापुढे धरली. "ट्रॅक्टर न्या. दिवसभर वापरा. पाना न्हाई मिळायचा." भाऊंनी दारात उभ्या असलेल्या आत्याकडे बघून म्हटलं, "वैनी, तुमाला तरी म्हायेरी जाऊ देत्यात का हे?" आत्या म्हणाली, "मला जाऊ देत्यात. मी बिघडले तरी चालतंय."

आपल्या मुलीच्या लग्नात तर मामांनी कमाल केली. वरात निघायच्या वेळी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीखाली त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक. हार बाजूला सारून ते चाकाशी बसले. बँड जोरात चालला होता. मामांनी हात वर केला आणि बँडवाल्यांना म्हणाले, "राव, जरा दम घ्या. मला आवाज ऐकू येईना." बँड थांबला. पेठ गावची व्याही मंडळी, वऱ्हाडी, भटजी, सगळे गप्प उभे राहिले, आणि त्या शांततेत एकेक नट समोरासमोरच्या क्रमाने 'कट्', 'कट्' करत आवळला गेला. शेवटचा वाजला तेव्हा कुणीतरी चुकून अक्षता टाकल्या.

इथवर लोक हसत होते आणि मामा त्यांना हसू देत होते. अडचण झाली ती खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. कोयते, खुरपी, पहारी धुऊन पाटावर मांडतात, हळदीकुंकू वाहतात. मामा ऊसतोडीची टोळी ठरवायला बाहेर गेले होते, म्हणून पूजा आत्याने मांडली. टॉर्क पान्याला तिने मधोमध जागा दिली, झेंडूचा हार घातला, आणि तो सगळ्यात खालच्या आकड्यावर आहे हे बघून तिला कसंतरीच वाटलं. पूजेच्या दिवशी घरातली वस्तू खालच्या आकड्यावर कशी ठेवायची? बरकत कशी यायची? तिने मूठ फिरवत फिरवत अगदी वरच्या आकड्यापर्यंत नेली, नमस्कार केला, आणि दुसऱ्या दिवशी पाना तसाच पेटीत निजवला.

मामांनी पेटी उघडली ती दिवाळीच्या पाडव्यानंतर. मुलगी पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आणि तिला आणायला माहेरच्या माणसाने जायचं, ही आमच्याकडची रीत. मुलीच्या सासरी पेठेला जायचं म्हणून मामांनी चाकं काढून ब्रेक साफ केले होते. पान्याचा आकडा बघून ते पेटीशीच उकिडवे बसले.

"कुणी फिरवला?"

"मीच," आत्या म्हणाली. "पूजेला खाली ठिवायचा व्हय?"

मामा तिच्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं आत्या मला पुढे म्हणाली. ते एवढंच बोलले, "इतके दिस स्प्रिंग ताणून बसलीय. आता तिचं बोलणं खरं धरता यायचं न्हाई." चाकं साध्या पान्याने बसवली, आणि गाडी अंगणात उभी राहिली. ज्या गाडीचे नट खरे नाहीत तिच्यात पोटुशी मुलगी बसवायची नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. जावई म्हणाले, मीच आणून सोडतो. मामांनी ते रीतीला धरून नाही म्हणून नाकारलं. मुलगीही बापावर गेलेली. "आप्पा न्यायला येत्याल, तवाच निघंन," तिने फोनवर सांगितलं. आत्याने बाळंतिणीची खोली सारवून, डिंक-खारीक आणून ठेवलेली होती. ती त्या खोलीच्या दाराशी बसून भाजी निवडायची. "माज्या हातानं झालं रं," ती मला म्हणाली. "मी हात लावला अन् पोरगी तिकडंच अडाकली."

मी पुण्यात शिकतो म्हणून पाना तपासून आणायचं काम माझ्याकडे आलं. मांडीवर पेटी घेऊन मी एसटीने गेलो आणि भोसरीतल्या एका तपासणीच्या दुकानात ती दिली. तिथले गृहस्थ म्हणाले, आधी कारखान्यांचे पाने, मग तुमचा. मी मध्ये मध्ये जाऊन विचारत राहिलो. इकडे मामा रोज फोन करत, "काही कळलं का?" एवढंच विचारत, आणि मागून आत्याच्या भांड्यांचा आवाज थांबलेला मला ऐकू येई. मुलीचे दिवस भरत आले होते.

शेवटी पाना तपासून झाला. त्या गृहस्थांनी जे सांगितलं ते फोनवर सांगायचा मला धीर झाला नाही. मी दुपारच्या गाडीने बोरीला गेलो. मामा ओट्यावर होते, आत्या आत.

"मामा, पाना कमी जोरालाच वाजतो."

"वाटलंच मला."

"तसं नाही," मी म्हणालो. "ते म्हणाले, ताणून बिघडलेली स्प्रिंग वेगळी कळते. ही बिघडलेली नाही. पाना बनवतानाच ती आत चुकीची बसवलीय. पहिल्या दिवसापासून तो सगळ्या आकड्यांवर सारखाच चुकतोय. आता त्यांनी नीट करून दिलाय."

मामांनी पेटी माझ्या हातून घेतली, उघडली नाही. समोरच्या रस्त्याने कुणाची तरी गाडी गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते तिच्या चाकांकडे बघत होते.

"म्हंजे पैल्यापासनं," ते म्हणाले.

"हो."

"अन् तरीबी गाड्या फिरल्या. माजी अन् वरातीची."

यावर काय म्हणायचं ते कॉलेजात शिकवत नाहीत.

मामा उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. "अगं," ते आत बघून म्हणाले, "तुज्या हातानं काय न्हाई झालं. तो मुळातच तसा व्हता."

थोड्या वेळाने आत्या लुगडं बदलून, खणानारळाची पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवी बरेच दिवस भरून ठेवलेली असावी. पेठेला निघायचं म्हणून ती थेट गाडीशी गेली. आजवर त्या गाडीच्या पुढच्या सीटवर पान्याची पेटी बसायची आणि आत्या मागे. मामांनी नीट झालेल्या पान्याने चारही चाकं आवळली, मग पेटी मागच्या सीटवर, मी बसलो होतो तिथे माझ्या शेजारी ठेवली आणि पुढचं दार आत्यासाठी उघडून धरलं.