चहावाल्याला न कळलेला पाय

आमचे दाजी पाय करतात. कुणी खुर्च्या करतं, कुणी मडकी करतं, तसे हे पाय. ज्यांचे कापले गेले त्यांच्यासाठी. गल्ली त्यांना पायवाला म्हणते. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली बहीण, रागात असली की पायपुसणं म्हणते, आणि त्या महिन्यात ती रोजच रागात होती.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याला चिकटून त्यांची खोली. भिंतीला मांड्यांचे, पोटऱ्यांचे प्लास्टरचे साचे टांगलेले. पहिल्यांदा गेलो तेव्हा खाटकाच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं होतं. मधे चालायला शिकायचे दोन लोखंडी दांडे, समोर पुरुषभर उंचीचा आरसा, कोपऱ्यात भट्टी. भट्टीत प्लास्टिकचा पत्रा मऊ करायचा आणि निवायच्या आत साच्यावर ओढायचा. हात भाजला तर भाजू द्यायचा, पत्रा सोडायचा नाही.

दाजींची एक रीत होती. पाय तयार झाला, माणूस दांड्याचा आधार सोडून चालायला लागला, की ते त्याला फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडे पाठवायचे. "जा, एक चहा घेऊन ये." तो पुढे गेला की मागोमाग स्वतः जायचे आणि चहावाल्याला हळूच विचारायचे, "कुठला?" चहावाला बेरकी. बाकडं पुसता पुसता म्हणायचा, "डावा." झालं! तो पाय परत खोलीत. पुन्हा कापा, पुन्हा घासा. चहावाला डोकं खाजवून "पायवाले, आज चांगला धडधाकट माणूस पाठवून माझी थट्टा करताय काय?" म्हणाला, तरच तो पाय पास. पास झालेलं माणूस जे जायचं ते जायचंच. रस्त्यात समोरून आलं तरी मान वळवायचं. दाजींना त्याचंच भूषण. "ओळख दाखवत नाही म्हणजे पाय बसला," म्हणायचे.

हीच रीत त्यांच्या मुळावर आली.

झालं असं, की इस्पितळाच्या मॅनेजरने खोली मागितली. "तयार पाय मिळतात आता. लहान, मध्यम, मोठा. चपला घेतो तसे घ्यायचे. भट्टी कशाला पेटवायची?" महिनाअखेरीला खोली रिकामी करा म्हणाला. दाजी पार खचले. जेवताना घास हातात धरून बसायचे. ताई म्हणायची, "अहो, तो घास आहे, साचा नाही. तोंडात घाला."

त्यातच विद्यापीठातून फोन आला. दाजी जिथे शिकले तिथे दरवर्षी जुन्या पदवीधरांचा सन्मान करतात, एक कारकिर्दीचा आणि एक समाजसेवेचा. यंदा दोन्ही दाजींना. मांडी घालून बसता येईल असा गुडघा त्यांनी शोधून काढला होता, तो आता लांब लांब वापरतात. आणि ज्याला परवडत नाही त्याला ते फुकट पाय करून देतात, हे कुणीतरी कळवलं होतं.

मॅनेजर लगेच पाघळला. "आमच्या विश्वस्तांनाही बोलावणं आहे. पुढच्या रांगेत बसतील. तुमच्या पायावर चालणारा माणूस त्यांनी डोळ्यांनी बघितला तर खोलीचं मी रेटतो. नाही बघितला, तर मला बोलायला तोंड नाही."

यात अवघड काही नव्हतं, कारण विद्यापीठाचीही तीच पद्धत. कारकिर्दीचं मानपत्र कुलगुरू देतात, समाजसेवेचं मात्र ज्याची सेवा केली त्यानेच मंचावर येऊन द्यायचं. तिथल्या कार्यालयातल्या बाईंनी फोनवर हसत सांगितलं, "मागच्या वर्षी डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंनी इतकी माणसं आणली की मंच करकरला. तुम्ही आपला एकच आणा."

एकच. दाजींनी तोंड धुतलं, स्वच्छ सदरा घातला आणि मला म्हणाले, "चल, दुपारपर्यंत परत येऊ."

पहिला गवंडी. इमारतीच्या परांचीवर चढला होता, वरूनच ओरडला, "या या!" आणि भराभरा खाली उतरला. असा उतरला की मीच दोन पावलं मागे सरलो. दाजींनी विषय काढला तसा त्याचा चेहरा उतरला. आजूबाजूला बघून दाजींना सिमेंटच्या पोत्यांमागे ओढलं. "हळू बोला ना! ठेकेदाराला कळलं तर उद्यापासून खाली बसून विटा मोजायला लावेल."

"अरे, पण तू वर चढतोस, हेच दाखवायचंय."

"तुम्हाला दाखवायचंय. मला लपवायचंय." मग दाजींच्या गुडघ्याला हात लावून म्हणाला, "दुसरं काहीही सांगा. घराला गिलावा करून देतो."

दुसरी कपडे शिवणारी. पायमशीन चालवते, आणि ती पण त्याच पायाने. दारात आम्हाला बघितल्याबरोबर तिने आतल्या बाजूला मोठ्याने सांगितलं, "आई, मापं द्यायला आलेत!" आणि खरोखरच माझ्या छातीभोवती टेप गुंडाळला. टेप धरून कुजबुजली, "सासूबाईंना माहीत नाही. नवऱ्याला तेवढं माहीत आहे. लग्न ठरलं तेव्हा तोच म्हणाला, सांगू नकोस."

"इतकी वर्षं कळलं नाही त्यांना?" मी विचारलं.

"भांडणात पाठीमागे धावतात माझ्या. अजून हाती लागले नाही," ती म्हणाली. हसली नाही. दाजींकडे बघून एवढंच बोलली, "तुम्ही म्हणाला होतात, कुणाला कळणार नाही. म्हणाला होतात ना?"

दाजी म्हणाले होते. सगळ्यांनाच म्हणाले होते.

तिसरे गणिताचे मास्तर. त्यांच्यावर दाजींची सगळी भिस्त, कारण शिकलेला माणूस. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्याआधी शाळेत एक तिरळे मास्तर होते. चाळीस वर्षं जीव तोडून शिकवलं. पोरं त्यांना काय म्हणतात माहीत आहे? तिरळे. बस. भूमिती कुणाला आठवत नाही."

"मास्तर, खोली जाईल हो माझी."

"मी पत्र देतो ना छान, नाव न घालता."

"पत्राला पाय असतात काय?" दाजी ओरडलेच.

दुपारपर्यंत म्हणून निघालेला माणूस आठवडाभर फिरला. कुणी घरात असून नाही म्हणून सांगितलं. एकाने तर "तुम्ही कोण?" विचारलं. त्या दिवशी दाजी चहावाल्याच्या बाकड्यावर बसून शिव्या द्यायला लागले. मी त्यांच्या तोंडून शिवी कधी ऐकली नव्हती. "हरामखोर आहेत सगळे! लंगडे ठेवायला हवे होते. ठक ठक करत गेले असते, गावभर माझं नाव झालं असतं."

चहावाला ग्लास विसळत म्हणाला, "मग मला कशाला विचारत होता, कुठला म्हणून?"

मला त्यांची दशा बघवेना. समारंभाच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, "दाजी, मी येतो मंचावर. तुमचा पाय ओळखू येत नाही ना? मग माझे दोन्ही तुमचेच. कोण खोटं म्हणणार?"

दाजी माझ्या पायांकडे बघत राहिले. खूप वेळ बघत राहिले. बुडणारा माणूस फांदीकडे बघतो तसे. मला वाटलं, हो म्हणतात आता.

"आणि विश्वस्त म्हणाले, काढून दाखवा?"

ताई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "काढू की. कोयता आहे घरात."

समारंभाला आम्ही तिघंच गेलो. मोठं सभागृह, गुबगुबीत खुर्च्या, पुढच्या रांगेत विश्वस्त आणि त्यांच्या शेजारी मॅनेजर. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी दाजींच्या गुडघ्याचं कौतुक केलं, कुलगुरूंनी पहिलं मानपत्र दिलं, टाळ्या झाल्या. मग बाई म्हणाल्या, "आणि आता समाजसेवेचा सन्मान. ज्यांना आपण स्वतःच्या पायावर उभं केलंत, त्यांच्यापैकी कुणी मंचावर यावं."

कुणी उठलं नाही.

दाजी मंचावर उभे होते आणि सभागृहाकडे बघत होते. त्यांचा चेहरा एकदम बदलला तसं मीही मागे वळून बघितलं. ते आले होते. मागल्या दाराशी भिंतीला टेकून गवंडी. मधल्या ओळीत मास्तर, मांडीवर हात घट्ट दाबून. कडेच्या खुर्चीवर शिवणारी, चक्क सासूला घेऊन. जणू नाटकाला आली होती. तो "तुम्ही कोण?" म्हणणाराही होता. आणखी कितीतरी असतील. मला ओळखू येणार नव्हते, दाजींना येत होते. बघायला सगळे आले होते. दिसायला कुणी आलं नव्हतं.

मॅनेजर अर्धवट उठला आणि मंचाच्या कडेशी जाऊन दबक्या आवाजात म्हणाला, "आहेत का आलेले? नुसतं बोट दाखवा. पुढचं मी बघतो."

दाजींचा हात उचलला गेला. मी शपथेवर सांगतो, उचलला गेला. शिवणारीने सासूच्या दंडाला धरलं. मास्तरांनी डोळे मिटले. ताई माझ्या शेजारी पुटपुटली, "दाखवा हो. दाखवा. त्यांनी आपली कुठे फिकीर केली?"

दाजींनी त्या हाताने कपाळावरचा घाम पुसला.

"कुणाला येता आलं नाही," ते म्हणाले. "कामाची माणसं आहेत."

बाई गोंधळल्या, कुलगुरू शेजाऱ्याशी काही बोलले. दुसरं मानपत्र टेबलावरच राहिलं. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. एक विश्वस्त घड्याळ बघून बाहेर पडले. मॅनेजरने जाता जाता माझ्याकडे बघून हात झटकले. खोली गेली.

बाहेरच्या पायऱ्यांवर दाजी बसून राहिले. गर्दी दोन्ही बाजूंनी उतरत होती. त्यातली बरीच पावलं त्यांच्याच भट्टीतून निघालेली. तीही न थांबता गेली. मास्तर मात्र रेंगाळले. आमच्यापासून दोन पायऱ्या वर येऊन उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून.

दाजी मागे न बघता म्हणाले, "गुडघा वाजतोय."

"आठवडा झाला," मास्तर तोंड न हलवता म्हणाले. "उद्या येऊ का?"

"खोली गेली."

मास्तरांनी रस्त्याकडेच बघत विचारलं, "मग कुठे येऊ?"

ताईला राहवलं नाही. "घरी या की! मागच्या दाराने या. पुढचं काही तुम्हाला जमायचं नाही."

मास्तर लाल झाले. मान खाली घालून पायऱ्या उतरले. छान उतरले. कोपऱ्यावर वळेपर्यंत दाजी त्यांच्या चालीकडे बघत होते, आणि ते दिसेनासे झाल्यावरही तिकडेच बघत होते.

"उठा आता," ताई म्हणाली. "आणि आधीच सांगते, ती भट्टी मी घरात आणू देणार नाही. दीड खोलीचं घर आपलं. माणसं भाजून मरतील."

"नको आणायला," दाजी म्हणाले.

"मग त्याला घरी बोलावून करणार काय?"

"त्याचा स्क्रू ढिला आहे, तो आवळून होईल." दाजींनी मानपत्राची गुंडाळी माझ्या हातात दिली आणि कठड्याला धरून उठले. "पण नवा पाय भट्टीशिवाय होत नाही गं."

ताईने तोंड उघडलं. मग ते मिटून पदर खोचला आणि पायऱ्या उतरायला लागली.