तंबाखूच्या वासाची मुलगी

पहिल्या पगारात साडी घ्यायची असं ठरवलं होतं आणि घेतलं तंबाखूचं अत्तर. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. आईसाठी गुलाबाचं अत्तर आणायला इतवारीत गेले, तर दुकानातल्या म्हाताऱ्या अत्तरवाल्याने कापसाचे बोळे एकामागून एक माझ्या नाकापुढे धरले. मोगरा, केवडा, खस, हिना. सगळे वास लग्नात भेटणाऱ्या मावश्यांसारखे, गोड आणि चौकशा करणारे. शेवटचा एक बोळा त्याने उचलला आणि लगेच परत ठेवला.

"ये रहने दो बिटिया, ये बाबू लोगों का है."

असं म्हटल्यावर मी तो घेणारच होते. वाळलेलं तंबाखूचं पान, त्याला थोडा गुळाचा वास, थोडा जुन्या लाकडाचा. आधी नाकाला झोंबला, मग मनगटावर मुरत गेला. म्हाताऱ्याने माझा चेहरा पाहिला आणि धंद्याच्या माणसासारखं लगेच मत बदललं. "वैसे ये ना मर्दाना है, ना जनाना. पहले दस मिनिट काटता है, फिर मीठा होता है. जिसका मिजाज ऐसा, उसी पे बैठता है."

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "दहा मिनिटं थांबायला वेळ कोणाजवळ आहे गं?"

तिची काळजी खरी होती, कारण घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. बाबांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन, आवाज खाली करून विचारलं की मी खर्रा खायला लागले आहे काय. नागपुरात सुपारी-तंबाखू घोटून पुडीत विकतात तो खर्रा. ऑफिसात मी फाईल घेऊन टेबलापाशी गेले की हेडक्लार्क स्वतःचा खिसा चाचपायचे, डबी उघडी राहिली की काय म्हणून. एकाने तर माझ्याकडे चुना मागितला.

हे अत्तर बाईचं की पुरुषाचं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. घाईत असणाऱ्या माणसाला ते शोभत नाही आणि साहेबाच्या पुढे-पुढे करणाऱ्याला तर मुळीच नाही. म्हणजे आमच्या ऑफिसातले निम्मे पुरुष तिथेच बाद. मला मात्र शोभायचं. उगाच नम्रतेचा आव कशाला आणू?

तोवर मला तीन स्थळं पाहून गेली होती. तिघांचंही म्हणणं एकच, लग्नानंतर नोकरी सोडायची. माझंही म्हणणं एकच होतं, नाही सोडणार. चौथं स्थळ आलं ते भिवापूरकडच्या शेतकरी घरातलं. मुलगा नागपुरातच वीज खात्यात होता आणि मध्यस्थाने निरोप आणला होता की नोकरी चालेल. बाबा वर्षभरात रिटायर होणार होते. त्यांना हे स्थळ हवं होतं आणि सरळ सांगते, मलाही हवंच होतं. मुलगा कसा का असेना, टाइपरायटर सुटणार नव्हता.

त्या दिवशी सकाळीच आईने माझी शिशी ताब्यात घेतली आणि कपाटात तिच्या गुलाबाच्या शिशीमागे लपवली. "आज एक दिवस माणसासारखी राहा," एवढंच म्हणाली. दोन्ही शिश्या त्याच दुकानातल्या, बोटाएवढ्या, चिठ्ठी कशावरच नाही. वास घेतल्याशिवाय ओळखता येत नसत. आणि पाहुण्यांसाठी सकाळपासून मिरचीच्या फोडण्या देऊन आईचं नाक पार बंद झालं होतं.

पाहुणे तिघंच आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. वडील मोठ्या आवाजाचे. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की दोन वर्षं झाली, तंबाखू सोडली. नंतर पोहे खाताना सांगितलं, चहा पिताना पुन्हा सांगितलं. सोडलेला माणूस पोलिसासारखा होतो, बाबांच्या एका मित्रामुळे हे मला ठाऊक होतं. मुलाची आई काही बोलत नव्हती. मी वाकून नमस्कार केला तेव्हा तिच्या पदरातून मला ओळखीचा वास आला. अत्तराचा नव्हे, खऱ्या तंबाखूचा. कमरेला छोटी पुडी खोचलेली होती आणि गाल एका बाजूने किंचित फुगलेला. ती पोहे त्याच कारणाने नको म्हणाली होती. मला हसू आलं आणि ती मला फार आवडली.

प्रश्नोत्तरं बरी झाली. स्वयंपाक येतो का, येतो. शिवण येतं का, नाही. मुलाने मला टायपिंगचा वेग विचारला. मी सांगितला तर तो दबला.

निघायच्या आधी पाहुण्यांना अत्तर लावायचं, ही आमच्याकडची पद्धत. आईने चांदीची अत्तरदाणी माझ्या हातात दिली. मी मुलाच्या आईच्या मनगटावर अत्तर लावलं आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. अत्तरदाणी भरताना आईची शिशी चुकली होती.

वास पसरायला वेळ लागत नाही. मुलाच्या वडिलांचं नाक वर झालं. त्यांनी खोलीभर पाहिलं आणि नजर बायकोवर येऊन थांबली.

"तू आताही खाऊन राह्यली?" ते ओरडले. "पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती ना तू? लोकाच्या घरी येऊन माही इज्जत काढतं?"

ती बाई पांढरी पडली. हात नकळत कमरेकडे गेला, तोंडातून शब्द नाही. शब्द निघणार कसा, गालात पुरावा होता! मुलगा स्वतःच्या पायांकडे पाहत बसला. आईला बंद नाकामुळे काहीच कळत नव्हतं, ती आपली पानं पुढे करत होती. बाबांना कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच सांगितलं, गप्प राहा.

गप्प राहिले असते तर स्थळ पक्कं होतं. त्या बाईला भिवापूरपर्यंत बोलणी खावी लागली असती, पुढेही किती वर्षं कोण जाणे. तेवढाच हिशेब होता. मला तो बिलकूल आवडला नाही.

"काका," मी म्हटलं, "वास माझ्या अत्तराचा आहे. मी रोज लावते, ऑफिसला जाताना." आणि अत्तरदाणी त्यांच्या नाकापुढे धरली.

त्यांनी हुंगलं. परत हुंगलं. तिसऱ्यांदा हुंगताना त्यांचे डोळे मिटले आणि चेहऱ्यावर जे सुख आलं ते पाहून मला वाटलं, झालं, आपण जिंकलो. मग ते भानावर आले. स्वतःच्या सुखाचाही राग त्यांनी माझ्यावरच काढला.

"पोट्टीच्या जातीले हे शोभते काय?"

"शोभतं," मी म्हटलं. "तुमच्या घरी चालत नसेल तर तसं सांगा."

बाबांनी डोक्याला हात लावला.

कुंकू लावायला आई मुलाच्या आईला आत घेऊन गेली. मीही मागे गेले. आई करंडा शोधायला वळली तेवढ्यात त्या बाईने मोरीत जाऊन तोंड रिकामं केलं, चूळ भरली आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"काहून बोलली वं तू? आता हे नाही म्हनतीन."

"मग तुम्हाला तसंच बोलू द्यायचं होतं का?"

"मले सवय हाय," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "माह्याकडून बोलनारं आजवर कोनी नव्हतं. तू घरात आली असती तं..." आई करंडा घेऊन आली आणि तिचं बोलणं तिथेच राहिलं. कुंकू लावून घेताना तिचे डोळे भरलेले होते. आईला वाटलं, फोडणीचा धूर.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. पत्रिका जुळत नाही, क्षमस्व. पत्रिका त्यांनीच आधी जुळवून पाहिली होती. बाबांनी कार्ड दोनदा वाचलं आणि मला एका शब्दानेही बोलले नाहीत, याचा मला जास्त त्रास झाला. मी मागच्या दारी जाऊन भरपूर रडले. आई पाठीवर हात फिरवत म्हणाली, अशी छप्पन्न मुलं मिळतील.

मुलाचा चेहरा मला दुसऱ्याच दिवशी आठवत नव्हता. मी रडत होते ती माझी सासू गेली म्हणून.