तियो गिल्डो आणि नालायक प्रोग्राम

तियो गिल्डोंच्या तोंडून कुणाची स्तुती ऐकायची असेल, तर माणसाने मरायलाच हवं, असं फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोत म्हणत. ते खोटं होतं. मेलेल्यांचीही ते स्तुती करत नसत.

पूर्ण नाव हर्मेनेगिल्डो सुमागायसाय. माझ्या मावशीचे यजमान, म्हणून मी त्यांना तियो म्हणते. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर रेडिओ अधिकारी म्हणून काढली. कानाला यंत्र लावून बसायचं, बोटाने टकटक करून किनाऱ्याशी बोलायचं. वादळ, आजारी खलाशी, घरी झालेलं बाळ, सगळं त्यांच्या बोटातून जायचं. मग उपग्रह आले. कंपनीचा माणूस जहाजावर चौकशीला आला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर मुख्य इंजिनिअर प्रिमो तुपास हसत म्हणाला, "यंत्र काम करतं आणि गिल्डो कॉफी पितो." पुढच्या फेरीला तियोंना बोलावणं आलं नाही.

प्रिमो आमच्याच भागातला. समोरच्या गिमारास बेटावर त्याचं घर, आंब्याची बाग. आमच्या धक्क्यावरून होडीत बसलं की कॉफी निवायच्या आत पलीकडे. पण तियो त्या बेटावर परत जायचं नाव काढत नसत. तिकडचा आंबासुद्धा घरात येऊ देत नसत. मावशी चोरून खायची.

किनाऱ्यावर आल्यावर तियोंनी आमच्या शहरातल्याच ला पाझ भागात बाजाराजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि एक कॉम्प्युटर घेतला. जगभरचे जुने रेडिओवाले एकमेकांना रोज सकाळी मेल लिहीत. दोन-दोन ओळी. "इथे पाऊस. गुडघा बरा. तुझं काय?" तियो तशाच दोन ओळी पाठवत. मावशी गेल्यावर तर बोलणं म्हणून उरलं ते तेवढंच. त्यासाठी त्यांच्याकडे एक जुना मेलचा प्रोग्राम होता. राखाडी खिडकी, डावीकडे नावं, उजवीकडे मजकूर. ना चित्र, ना आवाज. त्या प्रोग्रामबद्दल ते काही बोलत नसत, आणि तियोंच्या बाबतीत तेच मोठं प्रशस्तिपत्रक.

एका सकाळी त्या खिडकीत मेल येईना. मेल पुरवणाऱ्यांनी कळवलं होतं, की जुने प्रोग्राम आता सुरक्षित नाहीत, नवीन घ्या. तियोंनी मला बोलावलं. मी एका दवाखान्याच्या कार्यालयात असते, म्हणून मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा त्यांचा समज.

"इंदाय," ते म्हणाले, आमच्याकडे पोरीला असंच हाकारतात, "मेल येतो, वाचायचा. उत्तर लिहायचं, पाठवायचं. एवढं करणारं काहीतरी दे."

"तियो, ते तर सगळेच करतात."

"बघू."

पहिला दिला तो फुकटातला, सगळे वापरतात तो. तियोंनी त्यावर एक दिवस काढला. संध्याकाळी गेले तर चेहरा असा, जणू कुणी त्यांच्या ताटात थुंकलंय.

"हा बघ. मधेच एक पत्र आलंय. उघडलं, तर चपलांची जाहिरात! पत्राचं सोंग घेऊन आत शिरते. भामटी कुठली! आणि हे खण कुणी केले? व्हालपराइसोच्या माझ्या रेडिओवाल्याचं पत्र याने जाहिरातीत टाकलं आणि चपला माझ्या पुढ्यात ठेवल्या. घरगड्याने असं केलं असतं, तर त्याच दिवशी घालवला असता."

मग दुसरा. माझ्या कार्यालयात असतो तो. तो उघडेपर्यंत तियो दाढी करून येत. उघडला की विचारायचा, आज कोणकोणत्या बैठका आहेत? तियो पडद्याकडे बघून म्हणायचे, "कोंबड्यांना दाणे टाकायची बैठक आहे. येतोस?" आठवडाभरात तोही गेला.

तिसरा कुणा हौशी लोकांनी मिळून केलेला. त्यात सगळं बदलता येतं, असं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. तियोंनी अक्षरं मोठी करायला घेतली, तर यादी लहान झाली. यादी मोठी केली, तर मजकूर पडद्याबाहेर. "हे घर नाही," ते म्हणाले, "हे विटांचा ढीग देतात आणि वर म्हणतात, तुमच्या आवडीचं बांधा."

दरम्यान त्यांच्या मुलाने जहाजावरून परतताना एक टॅबलेट आणला. त्यावर एक देखणा प्रोग्राम होता. बोट डावीकडे सरकलं की पत्र गायब, उजवीकडे सरकलं की कुठेतरी जपून ठेवलं जाई, आणि ते कुठे हे देवालाही ठाऊक नसावं. आयुष्यभर टकटक केलेलं तियोंचं बोट आता थरथरत असे. डावं-उजवं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. त्यांची तीन पत्रं वाचायच्या आधीच गेली.

खरं सांगायचं तर तोवर मलाही त्यांचा वीट आला होता. दर रविवारी जेवायला जावं आणि वरणभातासारखी ही शिव्यांची वाढणी घ्यावी. मी म्हटलं, "तियो, जगात कोट्यवधी लोक पहिला वापरतात. त्यांना चालतो."

"कोट्यवधी लोक बाचोयचं सूप थंड पितील, म्हणून मी पिऊ?"

"मग पत्र लिहा टपालाने. चिकटवा तिकिटं."

 शेवटी त्यांनी दात-ओठ खात पहिला प्रोग्राम टॅबलेटवर घालून घेतला.

आणि मग प्रिमो तुपास वारला.

हे आम्हाला कळलं ते त्याच्या बायकोच्या मेलमुळे. ओलिंपिया तुपास आणि माझी मावशी जिवलग मैत्रिणी. नवऱ्यांचं वैर त्या दोघींनी कधी मनावर घेतलं नाही. तिने जुन्या सगळ्या जहाजवाल्यांना इंग्रजीतून लिहिलं होतं: प्रिमो अखेर आपल्या घरी, देवाजवळ पोचला. मुलं सगळी आली आहेत. घर भरलंय. तुम्हीही या.

तियोंनी ते वाचलं. मजकुराखाली त्या प्रोग्रामने स्वतःच्या अकलेने तीन उत्तरं तयार ठेवली होती. घरी पोचला, मुलं आली, घर भरलं, एवढंच त्या अर्धवटाला कळलं असणार. तियो बोटाने मजकूर वर सरकवायला गेले. बोट थरथरलं आणि भलतीकडेच टेकलं. मग ते चष्मा पुसायला आत गेले. परत आले तोवर ओलिंपियाच्या पत्राखाली त्यांच्या नावाने उत्तर गेलेलं होतं.

"वा, छान बातमी!"

तियोंचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं ऐकलं. "इंदाय, परत घे ते."

"परत घेता येत नाही आता, तियो. दुसरं पत्र लिहा, माफी मागा."

"यातून? या मूर्खाच्या हातून माफी धाडू? उद्या तो 'अभिनंदन' म्हणेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही होडीने गिमारासला गेलो. तियोंनी समारंभाचा पांढरा बारोंग सदरा घातला होता आणि टॅबलेट छातीशी धरला होता, पुरावा म्हणून. होडीतही तो खाली ठेवला नाही.

अंगणात ताडपत्रीखाली पत्त्यांचे डाव रंगले होते, कारण आमच्याकडे मयताच्या घरी रिकामं बसायचं नसतं. आत शवपेटी, फुलं, माळ जपणाऱ्या बायका. आम्ही फाटकातून शिरलो तशी पत्त्यांवरली एक मान वर झाली, मग दुसरी. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "आला रे, छान बातमीवाला!" सगळं अंगण खदाखदा हसलं. ओलिंपियाने ते उत्तर घरभर वाचून दाखवलं होतं.

ती स्वतः दारात आली. ठेंगणी, काळ्या कपड्यांत, डोळे कोरडे. "गिल्डो, मला वाटलं होतं तू येणार नाहीस. जे बोलायचं ते बोलून झालं होतं ना?"

"ओलिंपिया, ते मी लिहिलेलं नाही. या यंत्राने लिहिलं."

"यंत्राने?" तिने वळून बायकांकडे पाहिलं. "ऐकलंत? याच्या यंत्राला माझ्या नवऱ्याचा राग होता."

मी पुढे झाले. "तिया, खरंच आपोआप येतात अशी उत्तरं. आता दाखवते. तुम्ही यांना एक मेल पाठवा." ओलिंपियाने फोन घेतला आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं, "प्रिमो मेला." पाठवलं. आम्ही सगळे टॅबलेटवर वाकलो. पत्त्यांवरचे लोकही उठून आले.

खाली तीन उत्तरं उगवली. ऐकून फार वाईट वाटलं. तुमच्या दुःखात सहभागी आहे. काही मदत हवी का?

कुणी हसलं नाही. तिच्या पहिल्या पत्रातलेच शब्द पुन्हा लिहून बघावेत, हे तेव्हा माझ्यासकट कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

"यंत्राला तर रीतभात दिसते," ओलिंपिया म्हणाली.

मला वाटलं, तियो आता टॅबलेट अंगणात भिरकावतील. त्यांनी तो मुकाट्याने बाकावर ठेवला. "हे बघ, ओलिंपिया," ते म्हणाले, "प्रिमोला मी कधी माफ केलं नाही. आजही करत नाही. त्याने माझं काम घालवलं, तेही तोंडात घास असताना, हसत. तुझं पत्र आलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. पण छान बातमी मी लिहिली नसती. मी काहीच लिहिलं नसतं. तुझ्या पत्राला मी उत्तरच दिलं नसतं."

माळ जपणाऱ्या बायका थांबल्या. ओलिंपियाने तियोंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हे मात्र तू," ती म्हणाली. "हे मी ओळखते." मग नाकाने फुस्स केलं. "माणसाचं काम यंत्र करेल असं तोच म्हणाला होता ना? घे म्हणावं. त्याच्या मरणाची पोच यंत्राने दिली." तिच्या ओठाचा कोपरा हलला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं; त्या दिवसांत पहिल्यांदाच, असं तिच्या मुलींनी मला नंतर सांगितलं.

तिने तियोंना आत नेलं. ते पेटीपाशी उभे राहिले. प्रार्थना केली की नाही, माहीत नाही. त्यांचे ओठ हलत नव्हते. नंतर तिने त्यांच्या हातात पानसितच्या शेवयांची बशी दिली, वर आंब्याची फोड ठेवली आणि समोर उभी राहिली. तियोंनी खाल्ली.

परत येताना होडीत म्हणाले, "आंबट होता."

त्यानंतर ते त्या हौशी लोकांच्या प्रोग्रामकडे वळले. एक अख्खा रविवार घालवून मी त्यातलं जे जे बंद करता येईल ते बंद केलं. तरी दर महिन्याला तो स्वतःला सुधारून घेतो आणि एखादं बटण जागचं हलवतो. तियो ते शोधतात, सापडलं की त्याच्या कर्त्याच्या आईबापांचा उद्धार करतात आणि व्हालपराइसोला दोन ओळी लिहितात. ओलिंपियाही लिहिते, पानभर, नातवंडांसकट. तिला उत्तर मात्र ते मेलने देत नाहीत. फोन करतात, ओरडून बोलतात, चटकन ठेवतात.

परवा मी सहज विचारलं, "तियो, आणखी एक नवा आलाय म्हणे. बघायचा?"

"नको," ते म्हणाले. "याचा नालायकपणा आता माझ्या सवयीचा झालाय."