गालिच्यांखालून आलेली आईची हाक

वाचून हसणार असाल तर हसा... मीही हसले असते. असले अनुभव सांगणाऱ्यांना मी तोंडावर वेड्यात काढायचे.

मे २०२१. आम्ही डब्लिनजवळ सिटीवेस्टला राहतो. आई कोविडने अमरावतीच्या हॉस्पिटलमध्ये — ऑक्सिजन ७८. माझं तिकीट तिसऱ्यांदा कॅन्सल झालेलं. मी चार दिवस फोन हातात धरून नुसती बसून होते, म्हणून माझ्या नवऱ्याने, समीरने, मला बळेच गाडीत घातलं आणि समुद्राकाठच्या गॉलवे शहरात नेलं. तिथे पाऊस आला, म्हणून समोरच्या टर्किश गालिच्यांच्या दुकानात शिरलो.

म्हातारा मालक एकटाच होता. त्याने छोट्या काचेच्या ग्लासात चहा दिला आणि एकेक गालिचा उलगडून माझ्यासमोर एकावर एक टाकू लागला. दहा-बारा झाले असतील.

तेवढ्यात त्या थराखालून आवाज आला —

"वैशू... लय जड होऊन राह्यलं वं."

आई! अगदी आईच!

मी गुडघ्यांवर बसून गालिचे ओढायला लागले. अवजड, लोकरीचे... नखं तुटली.

"वैशाली, काय करतेयस? इथे कोणी नाहीये गं!" समीर मला मागे खेचत होता. मालक मात्र दुसऱ्या टोकाला आला आणि माझ्याबरोबर ओढू लागला. शेवटचा गालिचा निघाला. खाली नुसती लाकडी जमीन. मी तिथेच कपाळ टेकून रडले.

मालक हळूच इंग्लिशमध्ये म्हणाला, "तुमची भाषा मला येत नाही. पण ती बाई कोण होती?"

समीरचा चेहरा पांढरा पडला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

गाडीत बसतोय तोच दादाचा फोन. "वैशू, आईचा ऑक्सिजन ९१ वर आला वं! ती नर्सला म्हणे, पोरीनं छातीवरचं ओझं काढलं."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर आई बोलली. "जेवली का?" एवढंच. मला काही विचारायचा धीरच झाला नाही.

चौथ्या दिवशी ती गेली. मी पोचू शकले नाही.

डॉक्टर म्हणाले, जाण्याआधी कधीकधी असं बरं वाटतं. समीर म्हणतो, तुझी झोप झाली नव्हती. मग मालकाने काय ऐकलं? मला सलतं ते एवढंच — दुकानानंतरच्या त्या चार दिवसांत तिने मला पुन्हा हाक मारली असेल का... आणि तेव्हा मी कुठे होते?