झडप उघडली कशी

माझे चुलत काका प्लास्टिकची बाटली घेऊन आमच्या अंगणात आले, तेव्हा मी आईबरोबर चहा घेत होते. बाटलीतलं पाणी हिरवट पिवळं होतं.

"हे माह्या बांधीतलं पाणी आहे," ते म्हणाले. "तुह्या भुकटीनं झालं ना?"

मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत काम करते. राइस मिलमधल्या तुसाची राख घेऊन आम्ही तिच्यापासून सिलिकाचे डोळ्यांना न दिसणारे कण बनवतो. कण स्पंजासारखा सच्छिद्र असतो. त्याच्या छिद्रांत औषध भरायचं आणि प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी रेणूंची झडप बसवायची. साध्या पाण्यात झडप बंद राहते आणि सोड्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात उघडते. धानाची पानं खाणाऱ्या अळीचं पोट तसंच असतं. म्हणजे औषध अळीच्या पोटातच सुटेल आणि शेतात सांडणार नाही, असा आमचा हिशेब होता. औषधाआधी नुसता निरुपद्रवी पिवळा रंग भरून पाहायचं ठरलं. त्यासाठी बाबांनी मोहाडीजवळची आमची एक बांधी, म्हणजे पाणी अडवलेला धानाचा एक तुकडा, मला दिली.

या कणांची भुकटी पाण्यात कालवून फवारणी झाली, मग पाऊस आला. पानांवरची थोडी भुकटी पाण्यात गेली असणार. पण तिथं ती बंदच राहायला हवी होती.

"साध्या पाण्यात ती उघडतच नाही, काका."

"मंग हे कसं उघडलं?"

मला लगेच संशय आला. आमच्या बांधीतलं पाणी त्यांच्या बांधीत उतरतं. मधल्या पारेवरून, म्हणजे बांधावरून, बाबांचं आणि त्यांचं जुनं भांडण, कित्येक वर्षं दोघं बोलत नव्हते. उरलेल्या भुकटीचा डबा आमच्या गोठ्यात होता. काका गेल्यावर मी जाऊन पाहिलं, तर झाकण सैल. आदल्या दिवशी तेच काका आईकडे दोर मागायला गोठ्यात आले होते. भुकटी नेऊन सोड्याच्या पाण्यात कालवली असेल, असं माझ्या मनानं घेतलं.

आईला मी हे सांगितलं. ती कणीक मळत होती. "झाकण मीनं उघडलं," ती म्हणाली. "घरात काय आणून ठेवलं ते पाहाले नको?"

तरी माझा संशय गेला नाही. भुकटी डब्यातूनच घ्यायला हवी असं थोडंच होतं, आमच्या बांधीतून उतरलेल्या पाण्यात ती होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी काकांना बांधीवर बोलावलं. त्यांच्यासमोर आमच्या फवारणी न केलेल्या बांधीतलं पाणी, शेवाळासकट, काचेच्या बरणीत भरलं आणि चिमूटभर भुकटी टाकली. पाणी जसं होतं तसंच राहिलं.

"पाहा," मी म्हटलं.

"पाहून राहिलो," ते म्हणाले आणि पारेवरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले. बरणी त्यांनी उन्हात, दोघांनाही दिसेल अशी ठेवायला लावली. मी उठून जाईन आणि काहीतरी करीन अशी त्यांना शंका. त्यांच्याबद्दल मलाही तीच. म्हणून मीही बसून राहिले. बाबा शेताच्या कडेला धुऱ्यापर्यंत आले, आम्हा दोघांना पाहून परत फिरले. काकांनी सुपारी-तंबाखूचा खर्रा काढला, मला विचारलंही नाही.

ऊन चढलं तसे शेवाळाला बारीक बुडबुडे धरायला लागले. मग मला बरणीच्या तळाशी पिवळी रेघ दिसली. आधी वाटलं, उन्हाची तिरीप असेल. काकांनाही ती दिसली, ते बरणीजवळ सरकले. जेवणाची वेळ होईस्तोवर सगळी बरणी त्यांच्या त्या बाटलीसारखी झाली.

मी सामू मोजायचा कागद बुडवला. सकाळी बुडवलेला कागद जवळजवळ तसाच राहिला होता, हा गडद निळा झाला. उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पाणी अल्कधर्मी होत जातं. पुस्तकात वाचलेलं होतं मी हे. प्रयोगशाळेत आम्ही नळाचं गाळलेलं पाणी वापरत होतो आणि त्यात शेवाळ नव्हतं.

काकांना मी जमेल तसं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंजे औषध असतं तर माह्या बांधीत आलं असतं."

"हो. आलं असतं."

"अन् तुले वाटलं, मीनं काही केलं."

"तुम्हालाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं ना?"

ते उठले, धोतर झटकलं. "आताही वाटते," ते म्हणाले.

मी नागपूरला कळवलं. औषधाची चाचणी थांबली. नुसत्या अल्कधर्मी पाण्यानं उघडणार नाही, अळीच्या पोटातला पाचक रसही लागेल, अशी झडप बनवण्याचं काम अजून चालू आहे. आकडे चांगले यायला लागले आहेत आणि मला त्यांचा भरवसा वाटत नाही. प्रत्येक वेळी मी बांधीचं पाणी मागवते.

गेल्या हंगामात रंगाची चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा काका आणि बाबा दोघंही पारेवर येऊन बसले, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. काकांनी डबीतला खर्रा बाबांपुढे केला. बाबांनी घेतला. मग दोघंही माझ्या हातांकडे बघत राहिले.